उन्हाच्या भरवशावर

बोंबील होडीतून उतरला की त्याला फार वेळ नसतो. अंगात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी, काटा नावापुरता, आणि मांस इतकं लिबलिबीत की पाटीतला तळाचा मासा वरच्यांच्या भारानेच चेपतो. बर्फ नसेल तर संध्याकाळपर्यंत त्याची रया जाते. म्हणून वर्सोवा, मढ, उत्तन, अर्नाळा, सातपाटी या गावांत मासळी लागली की बायका पहिला हात बोंबलाला घालतात. मासा धुवायचा, दोन बोंबील हातात घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. बोंबलाचे दात सुईसारखे बारीक आणि आत वळलेले असतात. एकदा गुंतले की वाऱ्याने सुटत नाहीत. गाठ नको, तार नको, आकडा नको. माशाचाच चिमटा करून मासा टांगायची ही युक्ती पहिल्यांदा कोणाला सुचली, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. ती बाईच असणार, एवढं मात्र पैजेवर सांगता येईल.

बांबू रोवून मांडव उभे करायचे, त्यांना आडव्या दोऱ्यांच्या रांगा बांधायच्या आणि त्यावर हजारो बोंबील लटकवायचे, असा हा कारखाना. त्याला छप्पर नाही, वीज नाही, आणि मुख्य म्हणजे मीठही नाही. बांगडा, सुरमई, मुशी यांना टिकवायचं तर मीठ चोळावं लागतं. बोंबील मात्र नुसत्या ऊनवाऱ्यावर वाळतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा कोरडा मतलई वारा आणि दुपारचं लख्ख ऊन असेल, तर थोड्याच दिवसांत तो कडकडीत होतो. सहा-सात किलो ओल्या मासळीचा जेमतेम किलोभर सुका माल उरतो. पण तो किलोभर माल नीट बांधून कोरड्या जागी ठेवला तर पावसाळाभर टिकतो, गोणीत भरून घाटावर, खानदेशात, विदर्भातल्या आठवडी बाजारापर्यंत जातो. ज्या गावांनी समुद्र कधी पाहिला नाही तिथेही भाकरीसोबत सुकट-बोंबील असतोच.

हा सगळा व्यवहार एका गृहीतावर उभा होता. दसरा-दिवाळीनंतर पाऊस येत नाही, आणि मृगाआधी तो आला तरी वळवाच्या सरींपुरता. गेल्या पंधरा-वीस वर्षांत हे गृहीत डळमळलं. हवामानबदल आणि मासेमारी म्हटलं की बोट, जाळं आणि समुद्र एवढंच डोळ्यांपुढे येतं. कोळी कुटुंबाचा निम्मा धंदा जमिनीवर, बायकांच्या हातात आणि उघड्या आभाळाखाली चालतो, हे मात्र हिशेबातून राहून जातं. ते आजच राहिलेलं नाही. सुकवणाऱ्या बाईकडे सरकारचं लक्ष कधी गेलं आणि कधी गेलं नाही, याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

त्याची सुरुवात मिठापासून होते. कंपनी सरकारने आणि नंतर राणीच्या सरकारने मिठावर जबर कर बसवला होता. १८८८ साली तो मणाला अडीच रुपयांवर गेला. मिठाच्या मूळ किमतीच्या मानाने हा कर कितीतरी पट होता. गरीब मच्छीमाराने यावर जो उपाय काढला तो साधा होता, त्याने मीठ कमी वापरायला सुरुवात केली. मग मासा धड वाळेना, धड टिकेना. मद्रास लष्करातले डॉक्टर आणि माशांचे अभ्यासक फ्रान्सिस डे यांनी हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशाच्या सागरी मासेमारीवरचा आपला अहवाल १८७३ साली दिला, त्यात या करामुळे मासे खारवण्याच्या धंद्याचं काय झालं याची तक्रार आहे. त्यानंतरच्या काळात सरकारने मासे खारवण्यासाठी कुंपणाची आवारं उघडली. मद्रास इलाख्यात ती मोठ्या प्रमाणावर होती, मुंबई इलाख्यात रत्नागिरी आणि कानडा जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर. आत सवलतीचं मीठ मिळायचं, पण मासा त्याच आवारात, मीठखात्याच्या माणसाच्या नजरेखाली खारवावा लागायचा. चिमूटभर मीठ घरी गेलं तर तो गुन्हा.

मुंबई-ठाण्याच्या बोंबलाला या कुंपणाची गरज पडली नाही. त्याला मीठच लागत नव्हतं. उत्तर कोकणातल्या कोळणींचा सुक्या मासळीचा धंदा त्यामुळे आपल्या अंगणात, आपल्या वेळेने चालू राहिला. पण जिथे कर नाही तिथे कारकून जात नाही, आणि कारकून गेला नाही की नोंद राहत नाही. १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर आणि पाठोपाठ आलेलं कुलाब्याचं गॅझेटिअर कोळ्यांच्या चालीरीती, होड्या आणि जाळी यांच्याबद्दल भरभरून बोलतात. एका घरातली बाई वर्षाला किती बोंबील वाळवते आणि त्यावर घर किती महिने चालतं, हा प्रश्न मात्र कोणा साहेबाला पडण्याचं कारण नव्हतं.

मिठावरचा कर १९४७ साली गेला. नोंद न ठेवण्याची सवय गेली नाही.

बोंबील हा तसा लहरी मासा. गुजरात आणि उत्तर कोकणात तो मुबलक, रत्नागिरीच्या खाली जवळपास दिसेनासा होतो आणि मग थेट पूर्व किनाऱ्यावर, बंगालच्या बाजूला पुन्हा भेटतो. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९३४ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात बोंबलाच्या या भटकंतीवर लेखच लिहिला. माणसाने बोंबलामागे धावायचं ठरवलं तर ते सोपं नाही, कारण त्याला पकडणारं जाळं एका जागी रोवलेलं असतं. डोल म्हणजे शंकूच्या आकाराची लांबच लांब जाळ्याची पिशवी. समुद्राच्या तळाशी लाकडी खुंट ठोकून तिचं तोंड प्रवाहाच्या दिशेने उघडं धरायचं, भरती-ओहोटीचं पाणी तिच्यातून वाहू द्यायचं आणि पाणी संथ झालं की ती उचलायची. पाण्याला ओढ हवी, म्हणून डोलीचं काम उधाणाच्या दिवसांत जोरात असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास घरात झोप नाही, आणि अष्टमीच्या भांगाला होडी किनाऱ्याला. डोलकराचं कॅलेंडर तिथीवर चालतं ते देवधर्मासाठी नाही, चंद्र पाणी ओढतो म्हणून.

खुंट कुठे ठोकायचा हेही वाट्टेल तसं ठरत नसे. समुद्रातल्या जागा घराण्यांकडे परंपरेने चालत आलेल्या. कोणाचा खुंट कुठे, हे गावाला पाठ आणि भांडण झालं तर जमातीची पंचायत बसवायची. या व्यवस्थेत हवेचे अंदाज, पाण्याची खोली, वाऱ्याच्या दिशा असं सगळं ज्ञान साठलेलं होतं. पण ते त्या जागेपुरतं. मासा दहा मैल सरकला तर खुंट त्याच्यामागे सरकत नाही. मोठी ट्रॉलर किंवा पर्ससीन बोट मासा शोधत फिरू शकते, डोलकर मासा येण्याची वाट पाहतो. समुद्र तापू लागल्यावर याच फरकाने कोण तगेल आणि कोण अडेल हे बऱ्याच अंशी ठरलं.

तारली हे त्याचं ठळक उदाहरण. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा मासा मुख्यतः केरळ आणि दक्षिण कर्नाटकाच्या किनाऱ्याचा होता. पुढे तो उत्तरेला आणि पूर्व किनाऱ्यालाही वाढत्या प्रमाणात सापडू लागला. समुद्राच्या वाढत्या तापमानाशी याचा संबंध केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी लावला. खुद्द केरळात २०१२ साली चार लाख टनांच्या जवळ गेलेली तारली २०२१ साली अवघी ३,२९७ टन निघाली. कोकणात आलेल्या झुंडींचा फायदा मात्र पर्ससीनवाल्यांनी आधी उचलला. किनाऱ्यावरून रापण ओढणाऱ्या मालवण-वेंगुर्ल्याच्या लोकांच्या वाट्याला भांडण आलं. त्या भांडणातूनच महाराष्ट्र सरकारला फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घालणारा आदेश काढावा लागला. तो किती पाळला जातो हा मालवणात आजही तापलेला विषय आहे.

पण गोष्ट अंगणाची चालली आहे.

विजया पुणेकर यांचा मुंबईच्या सोनकोळ्यांवरचा अभ्यास १९५९ साली पुस्तकरूपाने आला. त्यावेळी कोळीवाड्यात कामाची वाटणी स्पष्ट होती. समुद्र पुरुषाचा, किनाऱ्यावर मासा आला की तो बाईचा. विकायचा किती, वाळवायचा किती, कोणत्या व्यापाऱ्याला द्यायचा, पैसा कुठे ठेवायचा हे ठरवणारी तीच. ओल्या मासळीचा भाव पडला की ती माल वाळत घालायची. मासळी अमाप आली तरी तेच. सुका बोंबील म्हणजे या घराची बचत होती, आणि ती सोन्यासारखी गहाण टाकावी लागत नव्हती. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असताना, नारळी पौर्णिमेपर्यंत घर चालायचं ते आगोटीआधी भरून ठेवलेल्या या गोण्यांवर. लग्न, आजारपण, जाळ्याची दुरुस्ती यांसाठी एकेक गोण बाहेर निघायची.

यंत्रं आली तशी ही घडी हलली. मुंबई सरकारच्या मत्स्यखात्याने १९४० च्या दशकापासून होड्यांना इंजिनं बसवण्यासाठी मदत सुरू केली. सातपाटी आणि वर्सोवा त्यात पुढे होती. सातपाटीच्या सहकारी संस्थांनी बर्फ, डिझेल आणि विक्री अशी साखळीच उभी केली, आणि सातपाटीचं पापलेट परदेशी जाऊ लागलं. सुती आणि अंबाडीची जाळी जाऊन नायलॉन आलं. पापलेट, कोळंबी, घोळ ही बर्फात बसून निर्यातीला जाणारी मासळी झाली, आणि तिच्यावर पुरुषांचा, व्यापाऱ्यांचा, पुढे कंपन्यांचा ताबा आला. बायकांकडे बोंबील, मांदेली, जवळा, करंदी उरली. थोडक्यात, ज्याला भाव कमी आणि मेहनत जास्त ते सगळं.

त्यात जागा आकसली. मुंबईच्या कोळीवाड्यांत वाळवणीची मोकळी जमीन कोणाच्या नावावर नव्हती, ती गावाची होती. शहराला मोकळी जमीन दिसली की ती रिकामी वाटते. कुठे रस्ता गेला, कुठे इमारत झाली, कुठे गाड्या लागू लागल्या. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने बृहन्मुंबईच्या कोळीवाड्यांची वेगळी दखल घेतली हे खरं, पण कोळीवाड्यांच्या सीमा आखण्याचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. नकाशात घरं येतात, जेट्टी येते. बांबूचे मांडव मात्र हंगाम संपला की काढून ठेवतात, आणि मोजणी करणारा अधिकारी पावसाळ्यात आला तर त्याला तिथे चिखलाशिवाय काही दिसत नाही.

उघड्यावर वाळणं हा गुन्हा ठरण्याची एक गमतीदार वेळही येऊन गेली. १९९७ साली युरोपीय आयोगाने बोंबलाच्या आयातीवर बंदी घातली. बोंबील खाऊन कोणी आजारी पडल्याची नोंद ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळांकडे नव्हती. आक्षेप एवढाच होता की भारतातून मासळी घ्यायची तर ती मान्यताप्राप्त गोठवण किंवा डबाबंद कारखान्यातून आली पाहिजे, आणि बोंबील कारखान्यात तयार होत नाही. ब्रिटनमध्ये वर्षाला १३ टनांहून अधिक सुका बोंबील खपत होता. तिथल्या शौकिनांनी बोंबील वाचवण्याची चळवळच उभारली, आणि शेवटी तोडगा निघाला तो असा की वाळवा उघड्यावर, पण बांधणी मान्यताप्राप्त ठिकाणी करा. ब्रुसेल्समधल्या बाबूंना जे समजलं ते असं, की हा मासा ऊनवाऱ्याशिवाय होत नाही.

त्यानंतर दहा-बारा वर्षांत वाऱ्याचंच काही खरं राहिलं नाही.

अरबी समुद्रात वादळं पूर्वीही यायची. मे १६१८ मध्ये वसई-मुंबईला झोडपणाऱ्या वादळाचं वर्णन पोर्तुगीजांनी करून ठेवलं आहे, आणि नोव्हेंबर १९४८ चं वादळ मुंबईतल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अनेक वर्षं होतं. उलट १८८२ साली मुंबईत लाखभर माणसं मारणारं चक्रीवादळ आलं होतं असं कित्येक याद्यांत छापलेलं असतं, ते मात्र झालंच नव्हतं. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ अॅडम सोबेल यांनी आणि इतरांनी त्याचा माग काढला तेव्हा त्या काळच्या कागदपत्रांत कसलाच पुरावा सापडला नाही. न झालेलं वादळ याद्यांत राहतं आणि भिजलेला बोंबील कुठेच नोंदला जात नाही, हा आपल्या दप्तरांचा स्वभाव.

बंगालच्या उपसागराच्या तुलनेत अरबी समुद्र शांत, हा समज मात्र एकेकाळी योग्यच होता. कोकणात त्याला मोठा धक्का ११ नोव्हेंबर २००९ रोजी बसला. फयान चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला घासत येऊन अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान जमिनीवर आलं. दिवाळी नुकतीच संपली होती, होड्या समुद्रात होत्या आणि इशारा पोचायच्या आत लाटा पोचल्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले अनेक खलाशी परत आले नाहीत. आजही त्या भागात बोलताना ‘फयानच्या आधी’ आणि ‘फयाननंतर’ अशी काळाची विभागणी ऐकू येते.

मग यादी लांबत गेली. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी आलं. केरळ-तामिळनाडूच्या ६८ बोटी आणि त्यांवरचे ९५२ मच्छीमार वादळाने ढकलत थेट देवगडच्या बाजूला आणून सोडले. मुंबईत त्या ५ डिसेंबरला शाळा बंद ठेवाव्या लागल्या. २०१९ साली अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. ऑक्टोबर-नोव्हेंबरात क्यार आणि महा ही दोन एकाच वेळी समुद्रात होती, पैकी क्यार ‘सुपर सायक्लोन’. ३ जून २०२० ला निसर्ग श्रीवर्धन-मुरूडच्या पट्ट्यात घुसलं आणि रायगडातली घरं, सुपारीच्या वाड्या, होड्या आडव्या केल्या. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर गेलं. त्याच वर्षी डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मुंबई-पालघरवर आषाढासारखा पाऊस पडला, आणि त्या वेळी तर कोणतं नाव ठेवलेलं वादळही डोक्यावर नव्हतं.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ सहभागी असलेल्या २०२१ च्या एका अभ्यासाने हा अनुभव आकड्यांत मांडला. १९८२ ते २००० या काळाशी तुलना करता २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली, अतितीव्र वादळं १५० टक्क्यांनी. समुद्राचं पृष्ठभागाचं पाणी तापलं आणि वादळाला लागणारी ऊर्जा तिथे मिळू लागली. पण सुकवणाऱ्या बाईच्या दृष्टीने आकड्यापेक्षा तारखा महत्त्वाच्या. वादळांचे दोन हंगाम आहेत, पावसाळ्याआधी मे-जून आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबर. बोंबलाची मोठी आवक पावसाळ्यानंतरच्या त्याच महिन्यांत होते आणि आगोटीची बेगमी मेमध्येच भरायची असते. म्हणजे वाळवणीच्या वर्षाची दोन्ही टोकं आता ढगाखाली आली.

बोंबील भिजला म्हणजे नेमकं काय होतं? अर्धा वाळलेला मासा पुन्हा पाणी पितो, फुगतो, पिवळा पडतो. रात्रीतून त्यावर माशी बसते आणि दुसऱ्या दिवशी आळी दिसते. ऊन परत आलं तरी तो माल माणसाच्या ताटासाठी उरत नाही. तो कोंबडीखाद्याला किंवा खताला जातो, आणि पडेल त्या भावाला द्यावा लागतो. जमिनीवर पसरलेल्या जवळ्याचं तर त्याहून वाईट. पहिल्या सरीतच तो चिखलात मिसळतो. नाखव्याने मासा विकला तेव्हा त्याचं डिझेल निघालेलं असतं. बाईने मात्र तो मासा विकत घेऊन, पाणी आणि मजुरी घालून, व्याजाच्या पैशावर तिथे टांगलेला असतो. बुडते ती ती.

यावर कोळीवाड्यांनी काय केलं? मोठं काही नाही. पुष्कळ छोटं छोटं केलं, आणि ते केव्हा सुरू झालं ते कोणी सांगू शकणार नाही. हवामान खात्याचा इशारा फोनवर आला की मांडवावरचा माल उतरवायला सगळी घरं धावतात, शाळेतली पोरंसुद्धा. ताडपत्र्या आता बांबूइतक्याच गरजेच्या झाल्या. जवळा मातीवर न पसरता जाळी अंथरून, कुठे उंच बाकांवर पसरला जातो, म्हणजे खालून ओल येत नाही आणि गुंडाळायलाही सोपं जातं. एकदम सगळा माल टांगायचा नाही, थोडा ओला विकायचा, थोडा वाळवायचा, असा हिशेब काही घरं करतात. भाव पडलेला असला तरी ओलाच विकून मोकळं व्हायचं, हा त्यातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात महागात पडणारा मार्ग. कारण मग पावसाळ्यासाठी गोण भरत नाही, आणि श्रावणात सावकाराचं दार ठोठावावं लागतं.

समुद्रावरचे बदल त्या मानाने डोळ्यांत भरतात. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून माशांच्या संभाव्य जागांची आणि लाटांची माहिती येते, जीपीएस आणि वायरलेस लहान होड्यांवरही दिसतात. राज्यांच्या वेगवेगळ्या बंदीकाळांऐवजी पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा बंदीकाळ आला. पूर्वी महाराष्ट्रात तो १० जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत किंवा १५ ऑगस्टपर्यंत असायचा. ऑगस्टच्या सुरुवातीला समुद्र अजून खवळलेला असतो, तेव्हा लहान होडीवाला नारळाची वाट पाहतो आणि मोठी बोट १ तारखेलाच बाहेर पडते. पहिल्या फेऱ्यांचा मासा तिचा.

सौर वाळवणयंत्रांची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण प्रत्येक बैठकीत ती निघते. केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने अशी यंत्रं बनवली आहेत आणि ती काम करतात. झाकलेला मासा धुळीपासून, माशीपासून, पावसापासून वाचतो, आणि सोडे किंवा पाकिटबंद बोंबलासारख्या महाग मालाला ती परवडतात. पण उधाणाच्या दिवसांत एका घरात जितका बोंबील येतो तितका त्या पेटीत मावत नाही. यंत्र ठेवायला हक्काची जागा लागते आणि जागेचा कागद लागतो. तो कागद नाही म्हणून तर सगळं अडलं आहे. बचत गटाच्या नावावर आलेलं यंत्र जागेअभावी कोपऱ्यात पडून राहिलं, तर त्यात बायकांना दोष देण्यासारखं काही नाही.

काही घरांनी समुद्राकडे पाठ न फिरवता वेगळी वाट धरली. वेंगुर्ल्यात स्वामिनी महिला बचत गटाच्या मच्छीमार बायकांनी २०१७ च्या सुमारास मांडवी खाडीत कांदळवन सफर सुरू केली. त्या स्वतः होडी वल्हवतात आणि पर्यटकांना चिपी, तिवर, खेकडे, पक्षी दाखवतात. त्याच वर्षी राज्याने कांदळवनांच्या आधाराने खेकडे, कालवं, जिताडा यांच्या पालनाला मदत करणारी योजना आणली. खाडीच्या तोंडाशी राहणाऱ्यांना त्याचा उपयोग झाला. पण मुंबई-पालघरच्या डोलीच्या गावांत अशी खाडी आणि असे पर्यटक सगळीकडे कुठून आणणार? अर्नाळा किल्ला किंवा सातपाटीसारख्या ठिकाणी तर समुद्रच घराच्या भिंतीपर्यंत आला आहे, आणि बंधारा बांधला की वाळवणीची पुळण त्याच्या पलीकडे पाण्यात जाते. डहाणूच्या बाजूला वाढवण बंदराला केंद्राने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. तिथल्या डोलकरांचा विरोध जुना आहे, आणि त्यांच्यापुढे आता वादळापेक्षा बंदराचा भराव हा जवळचा प्रश्न आहे.

नुकसानभरपाईचा कागद पाहिला की सरकारला हा धंदा कसा दिसतो ते कळतं. आपत्ती मदतीच्या निकषांत मच्छीमारांसाठी होडीची दुरुस्ती, नवी होडी, फाटलेली किंवा हरवलेली जाळी आणि मत्स्यबीज केंद्रं यांचा समावेश आहे. वाळत घातलेल्या मासळीचं नाव त्यात नाही. क्यार आणि महा वादळांनंतर राज्याने २०२० साली मच्छीमारांसाठी सुमारे ६५ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. त्यात मासळी विकणाऱ्यांची आठवण ठेवली गेली हे चांगलंच झालं, पण त्यांना मदत मिळाली ती शीतपेट्यांसाठी. शीतपेटीत ओला मासा राहतो. दोरीवरच्या बोंबलाला तिचा काय उपयोग?

शेताच्या बाबतीत हा प्रश्न सरकारला कळलेला होता. २०१६ साली आलेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत कापणीनंतर शेतात वाळत पसरलेल्या पिकाला चक्रीवादळ आणि अवकाळी पावसापासून १४ दिवसांपर्यंत संरक्षण देण्याची तरतूद होती. पीक कापलं म्हणजे शेतकऱ्याचं काम संपलं असं नाही, ते वाळेपर्यंत धोका कायम असतो, हे त्या कलमाने मान्य केलं. बोंबलाच्या बाबतीत तो धोका तंतोतंत तसाच आहे.

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीजदर, कर्ज, विमा यांत शेतकऱ्याला मिळतं ते मच्छीमारालाही मिळावं, हा त्यामागचा हेतू. हा दर्जा होडीपाशीच थांबणार असेल तर अर्ध्या कुटुंबाला त्याचा लाभ नाही. तेव्हा त्याचे नियम लिहिणाऱ्यांनी तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक कोळीवाड्याच्या सीमांकनात वाळवणीची जागा हंगामात जाऊन मोजावी आणि गावाच्या नावावर लावावी. मासळी सुकवणाऱ्या बायकांची, त्यांची होडी असो वा नसो, मच्छीमार म्हणून नोंद करावी. आणि डिसेंबरात पाऊस पडला की तलाठ्याने पंचनाम्याचं बाड घेऊन द्राक्षाच्या बागेत जावं, तसंच बोंबलाच्या मांडवाखालीही यावं.